मॉनिटरचा पंचनामा

दोन हजार सहा साल होतं. ज्यांना ते साल आठवतं त्यांचे सांधे आजही दुखतात, कारण त्या पावसाळ्यात चिकनगुनिया आला होता आणि अख्खं पुलगाव कमरेत वाकून चालत होतं. दिवसाचे सहा-सात तास भारनियमन, उरलेल्या वेळात डास. अशा त्या सालात, जुलैतल्या एका बुधवारी, दुपारी अडीच वाजता, यशोदाबाईंच्या नातीचं तोंड हिरवं झालं.

नात पुण्याला धडधाकट होती. हिरवं झालं ते तिचं कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं तोंड. ईमेलनं आलेल्या फोटोत आचल पहिल्यांदाच शाळेच्या गणवेशात उभी होती, दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि पोरीची वेणी इतकी वाकडी कोणी घातली असावी याचा यशोदाबाई चष्मा पुसून तपास करत होत्या. तेवढ्यात कढईत मोहरी तडतडावी तसा आतून आवाज आला. आचल हिरवी झाली, मग दबत दबत एका पांढऱ्या रेघेएवढी उरली, आणि गेली.

त्यांचे यजमान ताराचंदजी मागच्या खाटेवर वामकुक्षी करत होते. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बिघडवलं ना शेवटी?" ते म्हणाले.

ना चौकशी, ना साक्षीदार, थेट शिक्षा. यशोदाबाईंना ते वाक्य असं लागलं की त्या चहा ठेवायचा विसरल्या, आणि ही गोष्ट त्या घरात याआधी फक्त एकदा, सासू वारली तेव्हा, घडली होती.

अडतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या हातून एक वस्तू बिघडली नव्हती. एक्क्याऐंशी सालचा मिक्सर अजून चटणी वाटत होता. लग्नातल्या कपबश्यांपैकी पाच शाबूत होत्या, आणि सहावी कोणी फोडली हे ताराचंदजींना चांगलं ठाऊक होतं. ताराचंदजींच्या हातून आजवर दोन रेडिओ, स्कूटरचं हँडल, विहिरीवरची मोटर आणि तीन चष्मे गेले होते. त्या प्रत्येक वेळी घरात काय बोललं गेलं? "वस्तू जुनी झाली होती." आणि ही वस्तू काय कालची होती?

कॉम्प्युटर मुळात मुलाचा, प्रफुलचा. शिक्षण संपवून तो पुण्याला नोकरीला गेला आणि कॉम्प्युटर घराच्या दर्शनी भागातल्या किराणा दुकानात, गल्ल्याशेजारी आला. ताराचंदजींना तो चालवता येत नव्हता. तो मागे असला की गिऱ्हाईक उधारी मागायला कचरतं, एवढाच त्याचा उपयोग. दुपारी एक ते चार दुकान बंद असे, तो वेळ यशोदाबाईंचा. सत्तावन्नाव्या वर्षी त्या ईमेल शिकल्या होत्या, आणि गल्लीतल्या बायकांत तशा त्या एकट्याच होत्या. म्हणजे घरच्या कायद्याप्रमाणे हिशोब सरळ होता: एक वाजेपर्यंत मॉनिटर ठीक, अडीचला गेला, मध्ये कोण बसलं होतं?

"अन् ते झबलं," ताराचंदजी उठून बसत म्हणाले. "तुह्या त्या झबल्यानं त्याचा जीव गुदमरला."

झबलं म्हणजे मॉनिटरचं कव्हर. यशोदाबाईंनी ते क्रोशानं विणलं होतं, पांढऱ्या दोऱ्याचं, समोर दोन पोपट आणि खाली गोंडे. त्या काळी घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कोणालाही उघडं ठेवत नसत. वस्तूला अंगभर कपडा असणं ही घरच्या बाईची अब्रू होती.

"बंद केल्यावर घालतो मी थे. चालू असताना कधी घातलं? सांगा, कधी?"

"मले काय मालूम, मी झोपलो राह्यतो."

"झोपलेल्या मानसानं साक्ष देऊ नये!"

आणि यशोदाबाईंनी त्याच क्षणी ठरवलं. मॉनिटर दुरुस्त होवो न होवो, तो कशानं गेला हे चारचौघांसमोर सिद्ध केल्याशिवाय त्या स्वस्थ बसणार नव्हत्या.

पहिले आले शेजारचे अण्णाजी. ते दारूगोळ्याच्या डेपोतून कारकून म्हणून रिटायर झाले होते, म्हणजे त्यांनी आयुष्यभर फक्त रजेचे अर्ज लिहिले होते. पण तोफांच्या गावात राहिल्यामुळे यंत्र म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी मॉनिटरला तिन्ही बाजूंनी पाहिलं आणि डाव्या कानशिलात एक लगावली. पडदा उजळला!

"पाह्यलं? हात पडाले लागते नेमका."

पाच मिनिटांनी पडदा पुन्हा मिटला. त्यानंतर आठवडाभर जो दुकानात येई तो आधी मॉनिटरला मारी आणि मग साखर मागे. भाजीवाली पंचफुला टोपली खाली ठेवून आली आणि तिनं निदान केलं: नजर.

"काकू, दोन पोपट काढले तुमी त्याच्यावर. लोकायचे डोळे काय चांगले राह्यतात का?" तिनं मीठ-मिरच्या ओवाळून दुकानातच जाळल्या. अर्धं गाव आधीच तापानं फणफणलेलं होतं, ते आता खोकूही लागलं. पण कव्हराला दोष न देता त्याचं कौतुक करणारी पंचफुला एकटीच, म्हणून त्या दिवशी यशोदाबाईंनी तिच्याकडून नको असताना दोन किलो दोडकी घेतली.

मग ओमप्रकाश. गावातले सगळे टीव्ही त्याच्याच हातचे. पण त्याला आणायचं म्हणजे मुहूर्त काढण्यासारखं होतं. वीज असे तेव्हा तो झोपलेला, तो उठे तेव्हा भारनियमन. शेवटी अकराव्या दिवशी दोन्ही जुळून आलं. ओमप्रकाश दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला, कारण चिकनगुनियानं त्याचे घोटे भोपळ्यासारखे झाले होते आणि बोटं मिटत नव्हती. खुर्चीत बसून त्यानं डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

"ट्यूब गेली," तो म्हणाला.

"कशानं गेली?" यशोदाबाईंनी विचारलं.

"याच्यावर कव्हर-बिव्हर घालता काय?"

ताराचंदजींच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते यशोदाबाई या जन्मी विसरणार नव्हत्या.

"मंग गरमीनं गेली असंन."

"असंन म्हणजे? खोलून पाह्य ना रे बाप्पा!"

"काकू, आतमधी वीस हजार व्होल्ट राह्यते. बंद केलं तरी राह्यते. हे बोटं पाहा माही. स्क्रू हातातून सुटला तं मले तिथूनच घाटावर न्या लागंन."

मॉनिटर उघडला गेला नाही, आणि 'असंन' गावभर 'आहे' होऊन फिरलं.

रविवारी प्रफुलचा फोन आला. "आई, जाऊ दे तो. मी नवा पाठवतो, चपटा. जुना फेकून दे. फक्त याच्यावर कव्हर नको घालूस, बरं का."

"तुह्या बाबायनं फोन केलता?"

पलीकडे रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला. मग सून रीता फोनवर आली. मुलगी गोड होती, स्वभावानं चांगली होती, आणि म्हणूनच जे बोलली ते जास्त झोंबलं. "आई, वाईट नका वाटून घेऊ. होतं कोणाच्या हातून कधी कधी."

शिव्या परवडतात. गुन्हा शाबित व्हायच्या आधीच जी माफी मिळते, तिच्यासारखी बेअब्रू नाही.

नवा मॉनिटर आला. ताराचंदजींनी तो स्वतःच्या हातानं गल्ल्याशेजारी मांडला आणि यशोदाबाईंकडे न बघता म्हणाले, "याले कपडे नाई लागत." जुना ओसरीत, साखरेच्या पोत्यांजवळ जाऊन बसला. तिथून जाता-येता प्रत्येकाची करंगळी त्याच्यावर आपटू लागली, आणि दर वेळी ताराचंदजी ओरडत, "काढा रे याले घरातून!"

काढायला कोणी नको म्हणत होतं? पण घ्यायला कोणी तयार नव्हतं. भंगारवाला प्रेमदास दर शुक्रवारी येई. लोखंड, रद्दी, बाटल्या, तुटकी बादली, त्यानं कशाला कधी नाही म्हटलं नव्हतं. मॉनिटर पाहून तो दोन पावलं मागे सरला.

"हे नाई काकू. मागं एक फोडला होता, तं बाजूच्या घरचे लोक बाहेर पळाले. आत नुसती काच अन् जहर हाय. पन्नास रुपये देसान तं नेऊन टाकतो कुठं तरी."

"भंगार न्याले आमीच पैसे द्याचे?"

"मले तरी कोन घेईन याले?"

कचऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं लांबूनच हात हलवला. त्याच्या ट्रॉलीत असल्या वस्तूला जागाच नव्हती. अण्णाजींनी सुचवलं की गणपती पंधरा दिवसांवर आले आहेत, विसर्जनाच्या गर्दीत वर्धा नदीत सोडून देऊ. यशोदाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी गणपतीबाप्पालाच हात जोडले.

शेवटी ताराचंदजींच्या डोक्यात व्यापारी युक्ती आली. "फुकट देल्लं तं कोनी घेत नाई. पन चांगलं बांधून ठेवलं अन् कोनी पाहून नाई राह्यलं, तं पाच मिन्टं टिकत नाई. बस थांब्यावर ठेवून देऊ."

"म्हणजे चोरालेई फसवाचं?" यशोदाबाई म्हणाल्या. "काही लाज?"

पण अण्णाजींना युक्ती पटली होती. दोघांनी मिळून मॉनिटर साखरेच्या रिकाम्या पोत्यात घातला. ताराचंदजींनी दाभणानं तोंड शिवलं, सुतळीचे एकसारखे टाके, तीस वर्षांचा हात. वायर आत मावेना, ती बाहेर लोंबत राहिली. आणि त्याच तीस वर्षांच्या सवयीनं, काही विचार न करता, त्यांनी ब्रश काळ्या शाईत बुडवून पोत्यावर लिहिलं: 'ताराचंद किराणा, पुलगाव. काच आहे. आपटू नये.'

पंधरा ऑगस्टच्या आदल्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, अण्णाजींच्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ते पोतं गेलं आणि बस थांब्याच्या बाकावर बसलं. महिन्याभरापूर्वीच मुंबईत गाड्यांमध्ये स्फोट झाले होते. गावात सकाळपासून रिक्षा फिरत होती, 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असं भोंग्यावर सांगत. स्कूटर त्या रिक्षाला ओलांडूनच गेली. दोघांनाही ते ऐकू आलं होतं. पण आपली वस्तू बेवारस कशी असेल, असं त्यांना वाटलं असावं.

दोघं परत येऊन चहा पीत होते तोच शटरं पडल्याचा आवाज सुरू झाला. आधी बाजाराच्या त्या टोकाला, मग जवळ जवळ. पंचफुला टोपली डोक्यावर घेऊन पळत आली.

"काका, बंद करा दुकान! थांब्यावर बाँब सापडला!"

"अरे बापरे!" ताराचंदजींनी शटरला हात घातला. "कुठं, कुठं?"

"बाकावर. पोत्यात. वायर बाहेर लोंबून राह्यली म्हंते."

ताराचंदजींचा हात शटरवर तसाच राहिला. अण्णाजींनी भरलेली बशी न पिताच खाली ठेवली. यशोदाबाईंनी दोघांकडे पाहिलं, पदर खोचला, चपला घातल्या आणि एकच शब्द बोलल्या. "चला."

थांब्यापासून शंभर पावलांवर दोरी बांधली होती. वाकलेलं, लंगडणारं गाव तिथं अशा चपळाईनं जमलं होतं की चिकनगुनियाचं औषध सापडलं असं वाटावं. वर्ध्याहून पथक आलेलं नव्हतं, ठाणेदार घामाघूम होते. यशोदाबाई दोरीखालून वाकून सरळ पुढे गेल्या.

"बाई, मागे व्हा! जिवाचं काही खरं नाही!"

"साहेब, थो आमचा मॉनिटर होय. बिघडलेला."

"कशावरून?"

"पोत्यावर नाव लिहेल हाय. दुर्बीण लावून वाचा."

दुर्बीण लावली गेली. ठाणेदारांनी दोनदा वाचलं. "आपटू नये," ते पुटपुटले. "बावीस वर्षं नोकरी झाली. पत्ता टाकलेला बाँब पहिल्यांदा पाहतोय."

तरी नियम म्हणजे नियम. पथकाची दोन तास वाट पाहणं झालं. पथकातल्या कुत्र्यानं पोतं हुंगलं, जांभई दिली आणि पंचफुलाच्या टोपलीकडे गेला. पण पोत्याच्या आत मॉनिटर आणि मॉनिटरच्या आत काय, हे पाहिल्याशिवाय कागद पुरा होत नव्हता. पोतं उसवलं गेलं. दोन पंच हवे होते. ठाणेदारांना गर्दीत एक पांढरे केस, इस्त्रीचा सदरा आणि सरकारी नोकरीचा चेहरा दिसला, त्यांनी हात करून बोलावलं, आणि अशा प्रकारे अण्णाजी पंच झाले. दुसरा पंच ओमप्रकाश, कारण त्याला पळता आलं नव्हतं.

पथकातला माणूस हातमोजे घालून बसला आणि त्यानं मॉनिटरच्या पाठीचे चारही स्क्रू काढले. जे महिनाभर कोणी करत नव्हतं ते सरकारनं पाच मिनिटांत केलं. झाकण निघालं. तो माणूस वाकला, थांबला, आणि म्हणाला, "साहेब, इकडं या जरा."

इथे ताराचंदजींच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, जी घरात इतकी रोजची होती की कोणाच्या ध्यानातच नव्हती. सकाळी दुकान उघडलं की ते आधी गल्ल्याची पूजा करत, मग तराजूची, कारण धंदा त्यांच्यावर चालतो. पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचाही नंबर त्या रांगेत लागला. कव्हर अदबीनं बाजूला करायचं, मॉनिटरच्या माथ्यावर कुंकू, अक्षता, फूल, चिमूटभर साखरेचा नैवेद्य. आणि हवा जायला माथ्यावर ज्या फटी असतात, त्या उदबत्ती खोचायला फार सोयीच्या होत्या.

ठाणेदार एकेक सांगत गेले आणि हवालदार लिहीत गेला. "तांदूळ, कुंकू लागलेले, अंदाजे दोन मुठी. झेंडूच्या सुक्या पाकळ्या. उदबत्तीच्या काड्या, मोजा रे... चौतीस. राख. साखरेची ढेकळं. मुंग्या."

"मुंग्या किती लिहू, साहेब?"

"असंख्य लिही."

पथकातल्या माणसानं हातमोजा काढला. "दहादा शॉर्ट झालंय हे. पाच वर्षं टिकलंच कसं? याच्यावर झाकण-बिकण घालत होते काय?"

"हो," यशोदाबाई म्हणाल्या.

"म्हणून जगलं, काकू. नाही तर दिवसभराची धूळही आत गेली असती."

शंभर पावलांवर गाव उभं होतं. हा शब्द तिथपर्यंत पोचला की नाही कोणास ठाऊक. यशोदाबाईंनी हवालदाराच्या कागदावर बोट ठेवलं. "हे लिहा, साहेब. झाकणानं जगलं म्हणून लिहा."

"पंचनाम्यात मत लिहीत नाहीत, बाई. दिसलं ते लिहितात."

"बरं. मंग जे दिसलं ते तं पुरं लिहा. तांदूळ लिहेल हाय. कोनाचे थे काऊन नाई लिहेल?"

ठाणेदार विचारात पडले. मुद्दा बरोबर होता. त्यांनी मान वळवली. "तांदूळ कोणाचे?"

अण्णाजी, पंच असल्यामुळे, आभाळाकडे पाहत होते. ताराचंदजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. अडतीस वर्षांत ते अनेकदा गप्प बसले होते, पण आज समोर हवालदार पेन उचलून थांबला होता.

"माहे," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

"माहे! तांदूळ माहे होत!"

'सदर तांदूळ, उदबत्ती व साखर स्वतःची असल्याचे व ती स्वतः आत टाकली असल्याचे मालकाने पंचांसमक्ष कबूल केले.' खाली सही. यशोदाबाईंनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि मगच हवालदाराला कागद उचलू दिला.

ठाणेदारांनी ताराचंदजींना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारा माणूस, पुन्हा असं करणार नाही असं लिहून दिलं, म्हणून सोडलं. पण मॉनिटर आता साधा राहिला नव्हता. तो मुद्देमाल झाला होता. ठाण्यात जागा नसल्यानं तो सुपूर्दनाम्यावर मालकाच्याच ताब्यात देण्यात आला: विकू नये, मोडू नये, नष्ट करू नये, मागितल्यावर हजर करावा. चार शिपायांनी तो उचलून पुन्हा ओसरीत, साखरेच्या पोत्यांजवळ आणून ठेवला. पंचनाम्याची नक्कल मिळावी म्हणून यशोदाबाईंनी मंगळवार ते मंगळवार पाच चकरा मारल्या आणि ती मिळवली.

त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते. ओमप्रकाशची बोटं बरी झाली, पण तोपर्यंत टीव्हीच असे आले की उघडता येत नाहीत. त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं. पंचफुलाची मुलगी नर्स झाली. पंचफुला स्वतः मात्र अजून म्हणते की नजरच होती, तांदूळ निमित्त. प्रेमदास भंगारात इतका वर आला की कारंजा घाडग्याजवळ हायवेवर त्याचं गोदाम आहे आणि तो ट्रकनं जुने कॉम्प्युटर घेतो. भेटला की अजून विचारतो, "काकू, थो देता का? चांगले पैसे देतो," आणि त्याला उत्तर मिळतं की सरकारचा माल विकता येत नाही. अण्णाजींनी, पंच म्हणून कोर्टात बोलावणं येईल म्हणून, एक सदरा इस्त्री करून कपाटात वेगळा ठेवला होता. बोलावणं काही आलं नाही, ते चौदा साली गेले. रीतानं फोनवर माफी मागितली. प्रफुलनं अजून मागितलेली नाही, पण तो बापावर गेला आहे.

ताराचंदजी ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान भाड्यानं दिलं. "साहेबानं घाईत लिहून घेतलं," असं ते अधूनमधून म्हणतात, आणि यशोदाबाई पंचनामा ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या वाजवतात.

आचल पुण्यात वकिली शिकते आहे. गेल्या दिवाळीला आली तेव्हा तिनं पंचनामा आणि सुपूर्दनामा दोन्ही नीट वाचले आणि आजीला समजावलं, की आता यातून काही होणार नाही, केस कधी उभीच राहिली नव्हती, खुशाल द्या तो कोणाला. यशोदाबाईंनी ऐकून घेतलं. पोरगी अजून शिकते आहे, सगळं थोडंच येतं? तारीख कधीही लागू शकते. लागली की भर कोर्टात, न्यायाधीशासमोर, तो कागद मोठ्यानं वाचला जाईल, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. तेव्हा मुद्देमाल नाही म्हणून काम अडायला नको. त्यासाठी त्या दर शनिवारी मॉनिटर कोरड्या फडक्यानं पुसतात.